फोन न आलेल्या वस्त्या : पुरात सापडलेल्या एका तालुक्याचं प्रकरण

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात पूर आले, तेव्हा एका तालुक्याच्या तहसील कचेरीतून बचावाचं आणि मदतीचं काम कसं चाललं, त्याची ही मांडणी आहे. तालुका, गावं आणि माणसं यांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लोकेशन, ऑनलाइन नकाशा, ड्रोन, उपग्रह, वायरलेस असं सगळंच या कामात वापरून झालं. त्यातलं काय खरंच कामाला आलं आणि काय नुसतं पडद्यावर छान दिसलं, ते कळावं म्हणून निर्णयाच्या जागांवर जरा जास्त थांबलो आहे.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात आपत्ती म्हटलं की दुष्काळ डोळ्यांपुढे येतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दुसरी आठवण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची, किल्लारीच्या भूकंपाची. पुराची तयारी अशी कुणाच्या अंगवळणी पडलेली नाही. या तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात टँकर, विहीर अधिग्रहण आणि चारा छावण्या यांची पानंच्या पानं होती. बोटींना जेमतेम अर्धं पान, आणि त्या बोटीही जिल्ह्याच्या ठिकाणी.

तालुक्याची ठेवण अशी : बालाघाटाच्या रांगांतून उतरणारी नदी, वरच्या अंगाला धरण, खाली ओळीनं कोल्हापुरी बंधारे, दोन्ही काठांना ऊस आणि त्यामागे सोयाबीन. गावठाण बहुतेक उंचावर. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरीच कुटुंबं शेतात राहायला गेली. विहीर, मोटार, गोठा, दोन खोल्या, वर पत्रे. या वस्त्यांना नाव असतं ते भावकीचं, नाहीतर जवळच्या ओढ्याचं. महसुली नकाशावर गट नंबर सापडतो, वस्ती सापडत नाही. मोबाइलमधल्या नकाशावर तर गावाच्या नावाचा एक ठिपका, आणि तोही कधी कधी शेजारच्या शिवारात.

त्या आठवड्यात सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी या नद्यांना पूर होता. धाराशिव-बीडच्या पट्ट्यात एनडीआरएफ आणि लष्कराला बोलवावं लागलं, काही ठिकाणी लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. साहजिकच बोटी आणि जवान सगळीकडेच कमी पडत होते. आपल्या तालुक्याच्या वाट्याला आल्या त्या दोन रबरी बोटी, एक पथक आणि भोई समाजाच्या तरुणांच्या काहिली. गूळ करायची ही लोखंडी काहील नदीकाठच्या लोकांना नवी नाही. पलीकडे जायला ती पूर्वीपासून वापरतात.

अडचण

इशारा वेळेवर आला होता. धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज फोनवर मराठीत आला, ग्रामपंचायतीच्या गटांवर फिरला, मंदिराच्या भोंग्यावरूनही सांगून झालं. पण त्यात आकडा होता क्युसेकचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या आसपास पाणी. हे गणित पाटबंधाऱ्याच्या माणसाला कळतं. नदीपासून चार शेतं लांब राहणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं की पाणी आपल्या गोठ्यापर्यंत येणार की नाही. पुष्कळांनी जनावरं सोडली, धान्याची पोती माळ्यावर टाकली आणि ते घरीच थांबले. दरवर्षी बंधाऱ्यापर्यंत येणारं पाणी यंदा त्याच्या पार पुढे गेलं.

रात्री दहानंतर फोन सुरू झाले. ११२ वर, जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर, तहसीलदारांच्या खासगी नंबरवर, पत्रकारांना, पुढाऱ्यांच्या स्वीय सहायकांना. यातले निम्म्याहून जास्त फोन पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या मुलांचे आणि भाच्या-पुतण्यांचे. घरच्यांशी शेवटचं बोलणं झालं, मग तिकडचा फोन लागेना, म्हणून मिळेल त्या नंबरवर हे लोक सांगत सुटले. त्यामुळे एकच कुटुंब पाच वाटांनी कचेरीत पोचायचं. कुणी गावाचं नाव सांगायचं, कुणी वस्तीचं, कुणी ‘बंधाऱ्याच्या खालची पांढरी टाकी’. त्यात एकाच नावाचं बुद्रुक आणि खुर्द नदीच्या दोन काठांना, आणि घाबरलेला माणूस बुद्रुक-खुर्द सांगत बसत नाही.

मध्यरात्रीनंतर नदीपलीकडच्या मोठ्या पट्ट्यात नेटवर्क गेलं. टॉवर उभाच होता. पण पुलाच्या कठड्यालगत नेलेली फायबर केबल पुलाच्या भरावासकट वाहून गेली, आणि ज्या टॉवरना केबल शिल्लक होती त्यांच्या बॅटऱ्या वीज गेल्यावर काही तासांत संपल्या. डिझेल न्यायला रस्ता नव्हता.

पहाटेपर्यंत व्हॉट्सॲपवर गटांमागून गट झाले. बोट एका वस्तीवर पोचली तेव्हा तिथल्या लोकांना तासाभरापूर्वीच काहिलीतून काढलेलं होतं. ते गावच्या शाळेत चहा पीत बसले होते आणि त्यांच्या सुटकेची मागणी गटांवर अजून फिरतच होती. प्रवाहाविरुद्ध जाऊन यायला बोटीचा सव्वा तास गेला. हे दुसऱ्यांदा झालं तेव्हा नायब तहसीलदार मॅडम म्हणाल्या, “लोकेशन भरपूर आहेत. ह्यातलं आत्ता खरं कुठलं, तेवढं मला सांगा.”

या प्रकरणाची गाठ मला तरी इथेच दिसते. माणसं कुठे आहेत याची माहिती ओसंडून वाहत होती. ती माहिती कधीची आहे आणि अजून लागू आहे का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहाटे चारच्या सुमाराला कचेरीत चार बाजूंनी चार सूचना आल्या.

पहिली, आहे ते चालू द्यावं. गट आहेत, लोक जोडलेले आहेत, आता नवं काही काढलं तर आणखी गोंधळ होईल. हे म्हणणं वेडगळ नव्हतं. रात्रीचे पहिले काही तास गटांमुळेच माणसं सापडली होती.

दुसरी सूचना गावच्याच, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या मुलाची. त्यानं तिकडे बसून रातोरात ऑनलाइन नकाशा केला होता. फॉर्म भरा, नकाशावर लाल खूण उमटते. लिंक सगळीकडे पोचली होती आणि खुणा भराभर वाढत होत्या.

तिसरी म्हणजे उपग्रहाचा पूरनकाशा मागवून त्यावर आखणी करायची. ढगांतून आणि रात्रीही पाहणारं रडार युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांवर आहे, त्याची चित्रं फुकट मिळतात. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराच्या काळात असे नकाशे काढतं. पण उपग्रह त्या जागेवरून पुन्हा केव्हा जाईल ते त्याच्या कक्षेवर ठरतं. इथे प्रश्न पुढच्या सहा तासांचा होता.

चौथी मॅडमची स्वतःची. एकच नोंदवही, एकच टेबल. कुठूनही आलेला निरोप आधी इथे लिहायचा, त्याला क्रमांक द्यायचा, उलटा फोन लावून खातरजमा करायची, मगच बोटीला सांगायचं. या पर्यायाला विरोध झाला. खातरजमेत वेळ जाणार आणि तेवढ्यात कुणाचं बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची, असा सरळ प्रश्न एका अधिकाऱ्यानं विचारला. मॅडमचं उत्तर असं होतं की बोटी दोनच आहेत, त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या तरी कुणाचं तरी बरंवाईट होणारच आहे.

काय केलं

नोंदवही सुरू झाली. रकाने साधे : क्रमांक, गाव, वस्ती, माणसं किती, त्यात म्हातारी-लहान-आजारी किती, पाणी कुठवर, निरोप कुणाचा, शेवटचं बोलणं किती वाजता, आणि शेवटी ‘मिटलं’ व त्याची वेळ. पाण्याची उंची फुटांत विचारायची नाही असं ठरलं. गुडघा, कंबर, खिडकी, पत्रा, या चार शब्दांत सांगायचं. हे तलाठ्यानं सुचवलं आणि ते फार उपयोगी पडलं, कारण ‘पत्रा’ ऐकल्यावर पुढं काही विचारावं लागत नव्हतं.

पुण्यातल्या मुलाचा नकाशा बंद केला नाही, त्याचा फॉर्म बंद केला. हा निर्णय घ्यायला बराच वेळ लागला. लाल खूण उमटली म्हणजे मदत निघाली, असं लोक धरून चालत होते आणि स्वतः हलायचं थांबत होते. शिवाय फॉर्मवर अडकलेल्यांचे मोबाइल नंबर उघडे पडले होते. वर्गणीच्या नावानं पैसे मागणारे फोन त्यांतल्या काहींना दुसऱ्याच दिवशी आले. त्या मुलाला आधी वाईट वाटलं, पण मग तो आणि त्याचे मित्र उलटे फोन लावायच्या कामाला लागले. पुण्यात वीज होती, नेटवर्क होतं, हातात वेळ होता. खातरजमेचा मोठा भाग असा तालुक्याच्या बाहेर झाला. मला वाटतं, दूर बसलेल्या माणसाचा इतका चांगला उपयोग पूरकाळात क्वचितच होत असेल.

लोकेशनचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. व्हॉट्सॲपवरून भाचा ‘करंट लोकेशन’ पाठवतो तेव्हा ते त्याचं स्वतःचं असतं, पत्र्यावर बसलेल्या मामाचं नसतं. “मॅडम, हे तर हडपसर दाखवतंय,” असं टेबलावर किती वेळा तरी झालं. पुढे ढकललेल्या लोकेशनवर मूळ वेळ दिसत नाही, ती वेगळी विचारावी लागते. घराच्या आत, पत्र्याखाली फोनला उपग्रह नीट सापडले नाहीत तर तो टॉवरच्या अंदाजानं जागा सांगतो, आणि अशा जागेत किलोमीटर-दोन किलोमीटरचा घोळ सहज असतो.

सगळ्यांत धोक्याचा घोळ आकड्यांचा निघाला. पथकाच्या हातातलं जीपीएस यंत्र अंश-मिनिट-सेकंद दाखवत होतं, फोन दशांशात. १८.३० असं वायरलेसवर सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं ते १८ अंश ३० मिनिटं धरलं. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १८.५०. फरक ०.२० अंशाचा, जमिनीवर साधारण २२ किलोमीटर. सुदैवानं ती जागा तालुक्याच्या बाहेर पडत होती म्हणून लक्षात आलं. अक्षांश-रेखांश उलटे टाकले तर त्याहून बरं, कारण मग ठिपका थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो आणि कुणीही हसून चूक दुरुस्त करतो. त्यानंतर दोन नियम झाले. सगळे आकडे दशांशात, टिंबानंतर चार अंक. तेवढ्यात दहा-बारा मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. आणि आकड्याआधी गाव, वस्ती, शेजारी कुणाचं शेत, हे तोंडी सांगायचंच.

भिंतीवरच्या नकाशाचा प्रश्न सुटला तो फ्लेक्सवाल्याकडे. नवरात्र असल्यानं त्याच्याकडे जनरेटर चालू होता आणि शुभेच्छांच्या बॅनरची रांग लागली होती. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, शिकणारी एक मुलगी घट बसायला म्हणून गावी आली होती. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच केलेल्या मोफत ऑनलाइन नकाशावरून नदी, रस्ते, ओढे आणि बंधारे घेऊन तिनं तालुक्याचा पूरपट्टा दहा फुटी फ्लेक्सवर छापून आणला. कागद ओल्या हातांनी फाटला असता, फ्लेक्सला काही झालं नाही. नोंदींच्या खुणांसाठी समोरच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल म्हणजे उघडी नोंद, हिरवी म्हणजे मिटलेली. वीज गेली, इंटरनेट गेलं, तरी हा नकाशा पुढचे चार दिवस चालू होता. बोटीतल्या पथकाच्या फोनवर तोच भाग ऑफलाइन उतरवून दिला. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ही साधी गोष्ट त्या दिवशी बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळली.

नदीपलीकडे बोलायला पोलिसांचा वायरलेस होता. एक हवालदार हातातला सेट घेऊन पहिल्याच बोटीतून पलीकडे गेला आणि उंचावरच्या शाळेच्या गच्चीवर बसला. गावांतून तरुण मोटरसायकलीवर किंवा चालत त्याच्याकडे चिठ्ठ्या आणायचे, तो वाचून दाखवायचा. सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज व्हायचा. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा टॉवर उठला तेव्हा इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही त्यावर रोमिंग मिळालं. आपत्तीत दूरसंचार विभाग अशी मुभा देतो. पण फोनमध्ये नेटवर्कची निवड ‘स्वयंचलित’ ठेवावी लागते हे लोकांना सांगायचं राहिलं होतं. ते भोंग्यावरून सांगितलं.

ड्रोनवरून एक खडाजंगी झाली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दोघांनी आपणहून ड्रोन आणले होते आणि सकाळी पाऊस थांबल्यावर त्यांनी दोन वस्त्या शोधूनही दिल्या. दुपारी हेलिकॉप्टर येणार असल्याचं कळलं तसे सगळे ड्रोन खाली घ्यायला सांगितले. पोरं नाराज झाली, त्यांच्या चित्रफिती वाहिन्यांवर चालल्या होत्या. पण हेलिकॉप्टरच्या वाटेत ड्रोन आला तर काय होईल यावर चर्चा करायला जागाच नव्हती. पुढचे दोन दिवस ड्रोन जमिनीवरच राहिले.

बोटीची वाट नकाशावरून ठरवता आली नाही, आणि ठरवूही नये असं माझं मत आहे. पाण्याखालच्या विहिरी, तारेची कुंपणं, लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांतलं काहीच नकाशावर नसतं. बुडालेल्या बंधाऱ्यावर तर पाणी वरून शांत दिसतं आणि खाली भोवरा मारतं. प्रत्येक बोटीत त्या शिवारातला एक माणूस बसवला. महावितरणला सांगून त्या पट्ट्यातला पुरवठा बंद असल्याची खात्री प्रत्येक फेरीआधी वायरलेसवर केली जायची.

कलाटणी : टँकरची यादी

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर हिरव्या टिकल्या जास्त आणि लाल कमी दिसू लागल्या. कचेरीत जरा हायसं वाटलं. तेव्हा पाणीपुरवठ्याच्या एका जुन्या कारकुनानं नकाशाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. नदीचा बाक, दोन्ही बाजूंना ऊस, आणि एकही टिकली नाही. “इथं कुणी राहत नाही का? उन्हाळ्यात तर मी इथं टँकरच्या खेपा लिहिल्यात.”

दुष्काळात कुठल्या वस्तीला किती खेपा द्यायच्या याची नोंद ठेवावी लागते. वस्तीचं नाव, लोकसंख्या, पाण्याचा उद्भव, अंतर. महसुली नकाशावर आणि मोबाइलवर नसलेल्या वस्त्या या रजिस्टरात नावानिशी होत्या, आणि टँकरला जीपीएस लावलेला असल्यानं काहींच्या जागाही मिळाल्या. यादी फ्लेक्सशेजारी धरून ज्या वस्त्यांची एकही नोंद आलेली नाही, त्या काळ्या मार्करनं मांडल्या. टँकरवरच्या एका वयस्क ड्रायव्हरला बोलावून घेतलं.

“काका, इथं बोट कुठून जाईल?”

“बोटीचं मला काय ठावं न्हाई मॅडम. टँकर कुठून जातो तेवढं सांगतो. रस्ता उंच हाय, दोन्हीकडं चारी हाय. रस्ता धरला तर बोट लागंल.”

काळ्या खुणांपैकी बहुतेक ठिकाणचे लोक आधीच गावात आलेले निघाले. तीन वस्त्यांवर माणसं अडकलेली होती. एकीवर पत्र्यावर बसून त्यांची दुसरी रात्र चालली होती, सगळ्यांचे फोन पहिल्याच रात्री भिजले होते आणि बाहेरगावी फोन करणारा कुणी नातेवाईकही नव्हता. भिंतीवरचा नकाशा तोवर मदत मागितलेल्या माणसांचा होता. न मागितलेल्यांचा तो काळ्या मार्करनंतर झाला.

निष्पत्ती

नोंदवहीतल्या सगळ्या नोंदी मिटल्या. या पट्ट्यात माणूस गेला नाही, जनावरं मात्र पुष्कळ गेली. बोटींच्या फुकट फेऱ्या नोंदवही सुरू झाल्यापासून जवळजवळ थांबल्या, हे पथकप्रमुखानं आवर्जून सांगितलं.

मदतवाटपात तेवढं यश आलं नाही. माणसं बाहेर निघाली तशी नोंदवही मिटवून ठेवली गेली आणि वाटपाला वेगळी, सुटी पद्धत सुरू झाली. बाहेरून आलेले टेंपो हमरस्त्यालगतच्या गावांत थांबले. तिथं एकेका घरात किराण्याचे तीन-तीन संच गेले आणि आतल्या वस्त्यांवर चादरीसुद्धा उशिरा पोचल्या. गायरानावरच्या पालांचं तर टँकरच्या यादीतही नाव नव्हतं. ती माणसं स्वतःच टेकाडावर चढली होती, त्यामुळे बचावाच्या हिशेबात कुठेच आली नाहीत. एका शाळामास्तरांनी सांगितलं तेव्हा त्यांना पहिलं अन्न मिळालं.

उपग्रहाची चित्रं नंतर मिळाली, पंचनाम्यांच्या वेळी. सोयाबीन बुडालेली शिवारं त्यात स्वच्छ काळी दिसत होती. उसाच्या उभ्या फडात साचलेलं पाणी मात्र रडारला नीट दिसत नाही, तिथून लाटा वरच्या वर परत फिरतात. त्यामुळे चित्राप्रमाणे कोरड्या ठरलेल्या गटांवर शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या आणि पंचनाम्याला तलाठ्याला बांधावर जावंच लागलं. माती खरडून गेलेली जमीन आणि नुसती बुडालेली जमीन यांतला फरकही चित्रावरून ठरवता आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

टँकरची यादी कचेरीतच, दोन खोल्या पलीकडे होती. ती पहिल्या रात्री काढली असती तर पत्र्यावरची दुसरी रात्र टळली असती. ती कुणाला सुचली नाही याचं कारण ती ‘दुष्काळाची’ फाइल होती.

धरणाच्या इशाऱ्यात क्युसेकच्या जोडीला गावाची खूण हवी होती : घाटाची कितवी पायरी, कुठला बंधारा, कुणाचा मळा. पाटबंधारे विभागाकडे विसर्गाचा अंदाज असतो, गावाकडे जुन्या पुरांची आठवण असते, दोन्ही समोरासमोर ठेवायला एक दुपार पुरते. पाणी ओसरल्यावर दोन गावांनी पुराची रेघ मंदिराच्या भिंतीवर रंगवून ठेवली, तेवढी सुरुवात झाली आहे.

पत्त्यासाठी तलाठ्याची सूचना मला पटते. शेतकऱ्याला अक्षांश-रेखांश पाठ नसतो, पण आपली मोटार कुठल्या डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर आहे ते त्याला झोपेतही सांगता येतं. बऱ्याच डीपींवर क्रमांक रंगवलेला असतो आणि त्यांच्या जागांची नोंद महावितरणकडे असते. ती नोंद पुराआधी भिंतीवरच्या नकाशावर आणली, तर ‘अमक्या डीपीच्या वरच्या अंगाला’ एवढ्या साध्या एसएमएसवर बोट पाठवता येईल.

फॉर्म उघडा ठेवायचा की बंद, यावर मतभेद कायम आहेत. पुण्यातल्या मुलाचं म्हणणं, लोकांना नोंद करू द्यावी, फक्त नंबर लपवावेत आणि प्रत्येक खुणेवर वेळ दाखवावी. मॅडमना अजूनही वाटतं की न तपासलेली खूण लोकांना दाखवूच नये. पहिल्या काही तासांत, टेबल उभं राहायच्या आधी, मला मुलाचं म्हणणं बरोबर वाटतं. त्यानंतर मॅडमचं.

नोंदवहीचा नमुना आता तालुक्याच्या आराखड्यात गेला आहे, ‘मिटलं’च्या पुढे ‘मदत पोचली’ असा एक रकाना वाढवून. वस्त्यांच्या यादीत मास्तरांनी पालांची नावं हातानं घातली. ती यादी दरवर्षी अद्ययावत कुणी करायची हे मात्र ठरलेलं नाही. पाणीपुरवठ्याचं म्हणणं, हे महसूलचं काम. महसूलचं म्हणणं, यादी मुळात टँकरची आहे आणि टँकर तुमचे.